सलग पाच वर्षं

नवऱ्याच्या शहाणपणापायी अश्लेषाचं मत गेलं. तोक्योजवळच्या या खाडीकाठच्या शहरातून कितीतरी मराठी बायका माहेरी बाळंतपणाला जातात, आठ-आठ महिने राहून येतात, चकार शब्द काढत नाहीत. गुणवंत मात्र अश्लेषाच्या बाळंतपणाला निघण्याआधी पालिकेत जाऊन ‘आम्ही शहर सोडतोय’ असं नोंदवून आला. नियम म्हणजे नियम. परतल्यावर पुन्हा नोंद केली, मोजणी शून्यापासून सुरू झाली, आणि अकरा वर्षांचा मुक्काम आज कागदावर साडेतीनच वर्षांचा.

आता पालिकेला गल्लीजवळचं पाळणाघर बंद करायचं होतं. त्यांचा अद्वय तिथंच जायचा. बंद करावं का, यावर रहिवाशांचं मतदान ठरलं. जपानी माणसाला तीन महिन्यांचा मुक्काम पुरे. परदेशी असाल तर सलग पाच वर्षं हवीत.

आणि यंदा गल्लीप्रमुखाची पाळी अश्लेषाचीच. पाळीला वर्षांची अट नव्हती. कचऱ्यावर कावळ्यांसाठी जाळी टाकायला, गटार उपसायला परदेशी बाई चालते. मतदानाची पत्रकं वाटायलाही तीच.

रहिवासी संघाचे अध्यक्ष ओगावा-सान गठ्ठा घेऊन दारात आले. ‘‘घरोघरच्या टपालपेट्यांत टाकलीत की झालं. बेल वाजवून कुणाला त्रास नको.’’

‘‘मला मत नाही, ओगावा-सान.’’

‘‘वाईट वाटतं. पण नियम...’’

‘‘नियमांचं आमच्या घरात फार कौतुक आहे.’’

ते गेल्यावर गुणवंत म्हणाला, ‘‘सोड ना. शेवटी आपण पाहुणे.’’

‘‘गटार उपसणारा पाहुणा कुठं पाहिलास रे?’’

शनिवारी तिनं अद्वयला कडेवर घेतलं आणि दारोदार बेल वाजवली. ‘‘मला मत नाही. हा त्या पाळणाघरात जातो. तुम्ही मत द्या, बंद करू नका म्हणून सांगा.’’ कुणी पडद्याआडून बघत राहिलं. एकानं दार लावलं. एक म्हातारी मात्र चपला घालून बाहेर आली आणि तिनं मतदान कुठं आहे ते विचारून घेतलं.

संध्याकाळी ओगावा-सान तिला रस्त्यातच गाठायला आले. ‘‘तक्रार आलीय. प्रमुखानं बाजू घ्यायची नसते. उरलेली पत्रकं द्या.’’

‘‘प्रमुखपद काढून घ्या. सभेत उभं राहून कारणही सांगा. पत्रकं मी वाटणार.’’

‘‘आता माझंच घर राहिलंय.’’

‘‘माहीत आहे. तुमच्या सूनबाई घरी असतील ना? त्यांना मत आहे.’’ अद्वयला दुसऱ्या कडेवर घेत ती त्यांच्या फाटकाकडे वळली. ‘‘बेल त्यांच्यासाठी वाजवतेय.’’