दुसऱ्यांची वाक्यं

माझ्या नवऱ्याला नाटक कंपनीत सगळे बटाटा म्हणायचे. कुठल्याही भाजीत चालतो म्हणून. राजा तापाने फणफणला, बटाटा राजा. नायिकेची आई रुसून घरी गेली, बटाटा टोप चढवून आई. गाणं, नाच, टीव्हीवर बाहुल्यांचे आवाज, सगळं केलं. हरहुन्नरी म्हणून पाठ थोपटून घेतली, पण एकतीस वर्षांत स्वतःचं म्हणावं असं एकही काम वाट्याला आलं नाही.

मी त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत वही घेऊन बसायचं आणि नट अडला की वाक्य पुरवायचं. जागा चुकू नये म्हणून मी सगळ्यांची वाक्यं बिनआवाजाची पुटपुटत असे. तो समोरच्या विंगेतून माझ्या ओठांकडे बघत कामं पाठ करायचा. हळूहळू त्याचेही ओठ हलायला लागले. आमचं लग्न ओठांवरूनच जमलं, असं कंपनीतले चावटपणे सांगत. घरी भांडण झालं की मी बोलायच्या आत माझंच वाक्य ह्याच्या ओठांवर तयार. अस्सा संताप यायचा!

चौसष्टाव्या वर्षी त्याला मालिकेत आजोबांचं काम मिळालं. मुख्य, आणि खास त्याच्यासाठी लिहिलेलं. सही करून आला तो बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला.

"ह्यात कुणाच्या बदली नाही," म्हणाला. "मीच."

मी त्याला आधी बूट काढायला लावले.

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेने मला बोलावून चित्रण दाखवलं. सून बोलत होती, आजोबा ऐकत होते आणि त्यांचे ओठ सुनेचं एकेक वाक्य म्हणत होते. नाट्यगृहात सातव्या रांगेतून हे कुणाला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतं. दिग्दर्शिका पोरगी समजूतदार होती, घरी सराव करून घ्या म्हणाली.

आम्ही दातांत पेन्सिल धरून सराव केला. ओठ थांबले, पण मग त्याला स्वतःच्या वाक्याची जागाच सापडेना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. लेखकाने ते फारच मनावर घेतलं. आजोबा बेशुद्ध झाले आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला. नवरा म्हणाला, असू दे, शुद्धीवर येतीलच की.

मग सुनेचा रडण्याचा मोठा प्रवेश होता. मीही सेटवर होते. ती सुंदर रडली आणि ऐन वेळी अडली. मास्कच्या आतून खणखणीत आवाज आला, "बाबा, मला एकटीला टाकून जाऊ नका."

सगळा सेट पोट धरधरून हसला. तोही हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडलेल्याला वाक्य पुरवायचं, हे त्याने माझ्याकडूनच उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आजोबा रात्रीच गेले असं दाखवणार होते, त्यामुळे काकांनी यायची गरज नव्हती.

"वाईट वाटून घेऊ नका," फोनवरचा माणूस म्हणाला. "फोटो रोज दिसेल."

खरंच दिसतो. संध्याकाळी मालिका लागली की त्यातल्या सोफ्यामागच्या भिंतीवर तो असतो, आणि इकडे खुर्चीत बसून हा त्याच्याकडे बघतो. सून बोलते, मुलगा बोलतो. ह्याचं तोंड मिटलेलं. जी सवय पेन्सिलीने जाईना, ती त्या एका फोनने गेली.

काल मी मुद्दाम आमचं सगळ्यात जुनं भांडण उकरून काढलं.

"ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाही, हे तुला..." म्हणाले आणि थांबले. इतकी वर्षं पुढचे शब्द त्याच्या ओठांवर माझ्या आधी असायचे. मी वाट पाहिली. त्याने माझ्याकडे बघितलं, उठला, टॉवेल उचलून दोरीवर टाकला आणि परत खुर्चीत येऊन बसला.

"...किती वेळा सांगायचं," मी म्हणाले. एकटीच.