फिरत्या दवाखान्याचा जिना

मित्रांनो, तीन पायऱ्यांच्या जिन्याला कुणी जिना म्हणत नाही. पण मी जिनाच आहे, आणि आता फार जुना झालो आहे. मला घर नव्हतं. माझ्यावरून चढून माणसं एका ट्रकमध्ये जात. त्या ट्रकवर लाकडी खोली बांधली होती. खोलीत औषधांचं कपाट, एक अरुंद खाट, एक स्टोव्ह आणि दोन माणसांचा संसार होता. कौसल्याबाई नर्स आणि त्यांचे यजमान सोपानराव, जे ट्रक चालवत. लढाई संपल्यावर मिलिटरीने विकून टाकलेला तो ट्रक एका धर्मादाय मंडळाने घेतला होता, आणि बारामती-इंदापूरच्या गावांतून तो दवाखाना म्हणून फिरे.

माझी गोष्ट सुरू होते ती मी जन्मायच्याही आधी, भिगवणला. सन एकोणीसशे त्रेपन्न असावं. तेव्हा ट्रकमध्ये चढायला एक लाकडी खोका ठेवत. स्टेशनाजवळच्या उतारावर ट्रक उभा होता. म्हाळसा नावाची बाई तपासून घेऊन खाली उतरत होती. तिला सहावा महिना होता. खोका कलला आणि ती पाठीवर पडली. ती वाचली, पण तिचं मूल गेलं.

कौसल्याबाईंनी तो खोका फोडून चुलीत घातला. त्या दिवसापासून कुणीही दारातून उतरायला लागलं की हातातलं काम टाकून त्या धावत आणि त्याचा दंड धरत. धडधाकट गडी असला तरी धरत. सोपानराव एकदा म्हणाले, "अगं, असं किती जणांना धरणार तू? बारामतीला जाऊ, एक चांगली शिडी घेऊ आणि मोकळं होऊ."

बारामतीला दत्तोबा सुतार बैलगाड्या करत. वयाने मोठे म्हणून सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या अंगणात पौष महिन्यातल्या एका सकाळी ट्रक येऊन उभा राहिला. सोपानरावांनी गॅरेजमधून एक लोखंडी शिडी मागून आणली होती. हलकी आणि मजबूत, गोल गजांची. लोहाराने ट्रकखाली कायमचं ठोकायचं एक पावदानही आणून दाखवलं. आणि तात्यांनी भिंतीला टेकलेला एक जुना लाकडी जिना पुढे ओढला. तो एका घराच्या माळ्यावर चढायचा होता, नुसता नमुन्यादाखल.

"बाई, ह्यातलं कंचं पायजे ते सांगा," तात्या म्हणाले.

कौसल्याबाईंनी तात्यांच्या घरातून आठ शेर ज्वारी एका फडक्यात बांधून मागितली, ते गाठोडं पोटाशी घट्ट बांधलं, वरून पदर घेतला आणि लोखंडी शिडी चढायला लागल्या. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शिडी त्या चढल्या, पण पोट गजांना घासत होतं. उतरताना त्यांना पाठमोरं व्हावं लागलं आणि पाय हवेत चाचपडत राहिला. पावदान पहिल्याच पायाला उंच पडलं. शिवाय पाटाकडेच्या रस्त्यावर ते दगडाला लागून वाकलं असतं. मग त्या लाकडी जिन्यावरून उतरल्या, सरळ, तोंड पुढे करून. तरीही शेवटच्या पायरीला त्या अडखळल्याच.

"तात्या," त्या धापा टाकत म्हणाल्या, "चढणाऱ्याला पायरी दिसते. उतरणाऱ्या पोटुशीला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. पायरी अशी करा की न बघता पाय ठेवला तरी तो तिथंच पडला पाहिजे."

हसणाऱ्या बायांनी तोंडावरचे पदर खाली घेतले.

तात्यांनी माप घेतलं. ट्रकचा तळ जमिनीपासून साडेतीन फूट. तीन पायऱ्या, दोन पायऱ्यांमध्ये वीतभर आणि वर दोन बोटं अंतर, पाऊल सबंध मावेल एवढी रुंद फळी. एका बाजूला धरायला दांडा, आणि वर दोन आकडे. त्या आकड्यांनी मला दाराखाली अडकवायचं आणि प्रवासात काढून आत ठेवायचं. असा माझा जन्म ठरला.

पण दोन फळ्या वाळलेल्या बाभळीच्या निघाल्या आणि तिसरी ओली. तात्या म्हणाले, "आठ-पंधरा दिस थांबा. वाळल्याली फळी आली का बसवतो."

सोपानरावांना दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या बाजाराला पोचायचं होतं. बाजाराच्या दिवशी शंभर माणसं वाट बघत. "तात्या, लाकूड ते लाकूडच. उद्या सकाळी न्यायला येतो," ते म्हणाले.

तात्यांनी ओली फळी मधल्या पायरीला बसवली. बोल्ट ठोकताना भोकापासून केसाएवढी चीर गेली. तात्यांचा हात थांबला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मग लाखेत भुसा कालवून चीर बुजवली आणि वरून तेलाचा हात फिरवला. ही गोष्ट त्यांना माहीत होती आणि मला. आणखी कुणालाच नाही. आणि मित्रांनो, मला तोंड नव्हतं.

माझं कौतुक फार झालं. इंदापूरच्या बाजारात म्हाताऱ्या बाया माझ्यावरून उगीचच एकदा वर जाऊन खाली येत. गेणबा नावाचे एक आजोबा दवाखान्यात चढायला घाबरत म्हणून औषधावाचून राहात. ते माझ्या पहिल्या पायरीवर बसले, थोड्या वेळाने दुसऱ्या पायरीवर बसले, आणि तिसऱ्या खेपेला आत जाऊन सुई टोचून घेऊन आले. "बाई, जिना ब्येस हाय," एवढंच ते म्हणाले. कौसल्याबाई आता प्रत्येकाला धरायला धावत नव्हत्या. कपाटाशी उभ्या राहून त्या माणसांना उतरू देत. त्यांचा चेहरा सैल झाला होता.

मला मात्र सुख नव्हतं. जड माणूस मधल्या पायरीवर आलं की मी अंग आवळून घेई. पहिलं पाऊल ठीक, तिसरं ठीक. दुसऱ्याला माझा जीव गोळा होई. माघ संपला, फाल्गुन आला, ऊन चढलं. ओलं लाकूड आतून सुकत गेलं. लाख निघून पडली. चीर बोटभर झाली, मग चार बोटं झाली. पाऊल पडलं की बारीक करकर वाजे. गर्दीत ती कुणाला ऐकू येत नसे.

चैत्रात एके दिवशी मला धुताना कौसल्याबाईंचं बोट त्या चिरेवर थांबलं. त्यांनी नख आत घालून पाहिलं. "अहो, बारामतीला गेलो की हे तात्यांना दाखवायचं," त्या म्हणाल्या. सोपानरावांनी वाकून पाहिलं आणि तार गुंडाळली. त्यानंतर आम्ही बारामतीला दोनदा गेलो. एकदा औषधांच्या पेट्या घ्यायच्या होत्या. दुसऱ्यांदा देवीच्या लसीचं काम निघालं. मी दोन्ही वेळा आतच पडून होतो, आणि ट्रक तात्यांच्या गल्लीवरून पुढे गेला.

वैशाखात आम्ही शेळगावला होतो. पाटाच्या कडेला ट्रक उभा होता. दुपारी रंगूबाई नावाची म्हातारी धावत आली. तिची सून फुलाबाई दोन दिवसांपासून अडली होती. कौसल्याबाई तिच्याबरोबर घरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या मागून चार माणसं खाट घेऊन येत होती.

"मूल आडवं आहे," त्या सोपानरावांना म्हणाल्या. "इथं मला काही करता येणार नाही. बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आत्ता."

खाट दारापाशी आली आणि अडली. दार दोन फुटांचं, आणि आत लगेच औषधांचं कपाट. खाट आत वळेना. फुलाबाईचा दीर भिमा तिला उचलायला गेला, पण अंग दुमडताच ती अशी कळवळली की त्याने हात मागे घेतला. दोन कळांच्या मधे ती उभी राहू शकत होती. म्हणजे तिला चढावंच लागणार होतं.

कौसल्याबाईंनी आधी स्वतः पाय ठेवून पाहिला. मधल्या पायरीवर त्यांचं वजन आलं आणि मी मोठ्याने कडकडलो. मला आवरता आलं नाही. त्या जागच्या जागी थांबल्या. तार सुटून लोंबत होती.

"मधली ओलांडून चढू दे तिला," सोपानराव म्हणाले.

"एवढा पाय ती उचलू शकणार नाही."

"मग मी खांदा देतो खालून."

"तुम्ही वर जा. वरून तिला ओढून घ्यायला बळ लागतं, ते माझ्यात नाही." एवढं बोलून कौसल्याबाईंनी पदर खोचला, माझ्या खाली शिरल्या, गुडघ्यावर बसल्या आणि मधल्या फळीला आपला उजवा खांदा लावला.

मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांना तोलून धरलं होतं. त्या वेळी एक माणूस मला तोलून धरत होतं, आणि मी तरी टिकेन का, याची मला खात्री नव्हती.

भिमा आणि रंगूबाईने फुलाबाईला उभं केलं. तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं. मग खाली पाहिलं आणि ती थबकली.

"बाई, तुमच्यावर पाय कसा ठेवू?"

"फळीवर ठेव," खालून आवाज आला. "खाली कोण आहे ते तू बघू नको. वर यांच्याकडे बघ."

रंगूबाई रडत म्हणाली, "चढ माझे बाई, चढ."

फुलाबाईने पाऊल ठेवलं. सगळं वजन मधल्या पायरीवर आलं. चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. फळी फाटली आणि तिचा अर्धा तुकडा कौसल्याबाईंच्या गळ्याजवळच्या हाडावर रुतला. त्यांनी खांदा तसाच वर रेटून धरला. तेवढ्यात सोपानरावांनी फुलाबाईला दोन्ही काखांतून धरून वर घेतलं. तिचा पाय माझ्यावरून सुटला, आणि मग कौसल्याबाई कुशीवर कलंडल्या.

भिमाने त्यांना उचलून दारात ठेवलं. कुणीतरी माझे आकडे काढले आणि मला बाजूला टाकलं. ट्रक धूळ उडवत गेला. मी पाटाच्या कडेला उताणा पडून राहिलो.

तीन दिवस मी तिथं होतो. रंगूबाई धुणं घेऊन पाटावर येई, माझ्या शेजारी बसे आणि बारामतीच्या रस्त्याकडे पाही. धुणं तसंच राही. तिच्याकडे काही बातमी नव्हती, माझ्याकडेही नव्हती. आई जगली का? मूल जगलं का? तो खांदा? ती गेल्यावर मी तेच ते परत परत मनात आणत असे, आणि तात्यांनी लाख भरताना आजूबाजूला पाहिलं होतं ते आठवत असे.

चौथ्या दिवशी भिमा बारामतीहून परत आला. रंगूबाई उठलीच नाही. ती ओलं धुणं हातात धरून बसली.

"आये, दोघी बऱ्या हायती," तो म्हणाला. "पोरगी झाली. डाक्तर म्हणला, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी बी गेल्या असत्या."

"आन् नर्सबाई?"

"हाड मोडलंय. हात गळ्यात बांधलाय. पण गाडीत तशाच एका हातानं फुलाला धरून बसल्या हुत्या, पार बारामतीपतुर."

सोपानराव मला न्यायला आले, तेव्हा त्यांनी मला आणि फाटलेल्या फळीचे दोन्ही तुकडे उचलले. एकही तिथं सोडला नाही. तात्यांच्या अंगणात त्यांनी मला ठेवलं. हात गळ्यात बांधलेल्या कौसल्याबाई खाली बसल्या. तात्यांनी फाटलेली फळी हातात घेतली. भोकापाशी लाखेचा एक काळा ठिपका अजून चिकटलेला होता. त्यांनी तो अंगठ्याने झाकला. मग अंगठा काढला.

"बाई," ते म्हणाले, "ही चीर मला ठावं हुती. बोल्ट ठोकतानाच गेली. मी बुजवली."

सोपानराव उभे राहिले. कौसल्याबाईंनी त्यांना डाव्या हाताने थांबवलं.

"मलाही चैत्रात दिसली होती, तात्या. मी दोन वेळा तुमच्या गल्लीवरून गेले आणि थांबले नाही."

"आणि मीच घाई केली होती," सोपानराव हळूच म्हणाले आणि परत बसले.

तात्यांनी मान हलवली. "तुमी घाई केली, बाईंनी उद्यावर टाकलं. लपवलं मी एकट्यानं. ते येगळं हाय."

मग कौसल्याबाईंनी विचारलं, "वाळलेली फळी मिळायला किती दिवस लागतील?"

"पंधरा."

"पंधरा दिवस थांबतो आम्ही."

आणि ते थांबले. ट्रक अंगणात उभा राहिला. कौसल्याबाई कडुनिंबाखाली बाक टाकून एका हाताने औषधं देत. नवी फळी बसली तेव्हा तात्यांनी बाजारातून चार हमाल बोलावले. प्रत्येकाच्या पाठीवर पोतं देऊन त्यांना माझ्यावरून चढवलं आणि उतरवलं. स्वतः तात्या माझ्या खाली जाऊन बसले आणि वर फळीकडे पाहात राहिले. चौघे हमाल थकले. "तात्या, या की भाईर," ते म्हणाले.

"आनखी एकडाव चढा," तात्या खालून म्हणाले.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं चाललो. कौसल्याबाईंचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. कपाटातली वरची औषधं सोपानराव काढून देत. आता तो ट्रक नाही, आणि मी इंदापूरच्या एका दवाखान्याच्या ओसरीला लावलेला आहे. तुमच्यासारखी मुलं माझ्यावर उड्या मारतात. मारा, मला आवडतं.

पण एक मागणं आहे. ज्या वस्तूवर माणसं भार टाकतात, ती महिन्यातून एकदा उलटी करून, खालून बघत जा. चीर दिसली तर त्याच दिवशी सांगा. आणि ती चीर तुमच्याच हातून गेली असेल, तर दुसऱ्या कुणाला दिसायच्या आधी सांगा.