हिरव्या बटणामागची सेटिंग

मी एक जुनी सेटिंग आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, आज माझं डोकं फिरलेलं आहे!

जावाचा प्रोग्राम लिहून झाला की तुम्ही हिरवं बटण दाबता ना, त्याच्यामागे मी बसलेली असते. प्रोग्रामचा कोणता भाग, म्हणजे क्लास, चालवायचा, आणि त्याआधी तो नव्याने बिल्ड करायचा, म्हणजे ताजं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवायचं, की जुनंच चालवायचं, हे माझ्यात लिहिलेलं असतं. धुळ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये दीपक नावाच्या मुलाने मला तयार केलं. संगणक रडतखडत चालायचा, म्हणून काम संपल्यावर त्याने 'आधी बिल्ड कर' ही टिक काढून टाकली. पुढे तो पहिला आला आणि त्याचं फोल्डर शुभ ठरलं! तेव्हापासून पोरं तेच उतरवून घेतात आणि त्यातच आपला प्रोग्राम लिहितात. जुनंच उत्तर आलं की संगणकाला दोष देतात, आणि दसऱ्याला त्यालाच हळदकुंकू लावतात. मला उघडून मात्र कोणी बघत नाही.

यंदा मेघाची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पास झाली तरच नाशिकची नोकरी मिळणार होती. प्रश्न सोपा होता: आठवड्यातलं सर्वांत जास्त तापमान काढा. दीपकच्या क्लासमध्ये सरासरी निघायची. मेघाने त्यात बरोब्बर बदल केला आणि बटण दाबलं. पडद्यावर सरासरीच! तपासून पुन्हा दाबलं, तरी सरासरीच. अहो, मी काय करणार? मला जुनंच चालव म्हणून सांगून ठेवलेलं!

"मेघा, हाऊ काम्प्युटरच बिघडेल शे," शेजारची रत्ना कुजबुजली.

लॅब सांभाळणाऱ्या भूपेंद्र सरांनी तर संगणकाला चापट्याच मारल्या. "डबडं आहे मेलं!" चोर सोडून संन्याशाला फाशी!

"उत्तर चुकलंय. वेळ संपत आली," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

मेघाचे डोळे भरले. मग ओठ घट्ट मिटून, बटण नक्की काय चालवतंय ते बघायला, तिने मला उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला वाचलं! तिने टिक केली, बटण दाबलं आणि बरोबर उत्तर आलं.

"आत्ता कसं आलं?" परीक्षकांनी विचारलं.

गप्प बसली असती तरी निभावलं असतं. संगणकाच्या नावाने खडे फोडायला सगळे तयारच होते. पण ती म्हणाली, "सर, संगणक चांगला आहे. मागच्यांचं फोल्डर उचललं, त्यातली सेटिंग मी बघितलीच नाही."

रत्नाने कपाळावर हात मारून घेतला. "आते कसं व्हई वं माय!"

"मग ते सगळं पुसा," परीक्षक म्हणाले, "आणि माझ्यासमोर नवीन करा. वेळ वाढवून देतो."

मेघाने मला पुसलं. स्वतःची सेटिंग केली, प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला आणि पास झाली. पोरीने मला पुसलं याचा मला राग नाही. बाकीच्या संगणकांवर मी आहेच, तिथूनच बोलतेय. पण दुसऱ्या दिवशी इथली पोरं मला न उघडताच तेच बटण दाबून आता मलाच शिव्या देत होती, तेव्हा मात्र संताप झाला.

मित्रांनो, पुसायचं तर खुशाल पुसा मला. पण त्याआधी एकदा उघडून वाचा तरी!