तळ्यावरची सही

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिची पंचवीस वर्षं मोजण्यात गेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवायची आणि पेशी मोजायच्या. एक चुकली तरी तिला दिवसभर चैन पडायचं नाही. अशा बाईला तळ्यावर बदकं मोजायला नेलं तर ती काय डोंबल चुकणार? तरी पक्षीमंडळात तिला सगळे ‘धाकटी’च म्हणायचे, कारण मंडळाचा अध्यक्ष तिचा थोरला भाऊ होता. पन्नाशी आली तरी बाई धाकटी ती धाकटीच.

दर शरदात, थंडीचे पाहुणे उतरले की, मंडळाची मोजणी असे. धाकटी पहाटेपासून वही घेऊन तळ्याला फेरी मारायची. गाळात चोच फिरवणारी थापट्या बदकं, जोडीने बसणारे चक्रवाक, क्षणात बुडी मारणाऱ्या टिबुकल्या, सगळ्यांची वेगवेगळी नोंद. मग दादा बाकावर बसून पक्की प्रत करायचा आणि आकडे दुपटीने फुगवायचा. “मोठा आकडा असला की तळ्याला कुणी हात लावत नाही, तुला नाही कळायचं,” असं म्हणून तो कागद पुढे सरकवायचा. मोजणीदार म्हणून सही तिची. पहिल्या वर्षी ती भांडली होती. नंतर भांडणाचा कंटाळा आला आणि सही सवयीची झाली. अशी अकरा वर्षं गेली.

यंदा पाणीखात्याचे साहेब स्वतः आले होते. तळ्यात मोटारबोटी सोडायच्या की नाही, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. धाकटीने फेरी संपवून वही दाखवली. एक हजार नऊशे सोळा. दादाने नेहमीप्रमाणे पेन उघडलं, पण साहेबांनी पिशवीतून फोटोंचा गठ्ठा काढला.

“आमच्या माणसांनी काल फोटोंवरून मोजले. एकोणीसशेच्या आसपास. तुमच्या नोंदीत गेल्या वर्षी चार हजार आहेत. म्हणजे वर्षात निम्मे पक्षी गेले. उरलेलेही जाणारच, मग तळं राखायचं कशासाठी? बोटींना हरकत नाही असं लिहितो.”

 धाकटीने दादाकडे पाहिलं. आता हा बोलेल, याच्यामुळेच तर झालंय, आता तरी खरं सांगेल.

दादा घसा खाकरून म्हणाला, “तसं नाही साहेब. हिचंच मोजताना चुकलं असणार. चष्म्याचा नंबर वाढलाय हिचा. आणि फोटोंत सगळे पक्षी कुठे येतात?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझं चुकलं?” तिचा आवाज इतका चढला की काठावरचे लांब पायांचे शेकाटे उडाले. “साहेब, एकही पक्षी कमी झालेला नाही. दरवर्षी एवढेच येतात. चार हजार कधीच नव्हते. ह्याने आकडे फुगवले!”

“अगं, मी तळ्यासाठीच केलं ना!”

“तळ्यासाठी? पेपरात तुझा फोटो छापून यावा म्हणून केलंस! आणि आज अंगाशी आल्यावर माझ्या डोळ्यांवर ढकलतोस? लाज नाही वाटत?”

साहेबांनी जुने कागद चाळले. “पण सही तर तुमची आहे बाई. सगळ्या वर्षांची.”

“हो,” ती म्हणाली. आता राग दादापुरता उरला नव्हता. “माझीच आहे. खोटं आहे हे माहीत असून केली.”

 साहेबांनी जुन्या नोंदींवर आडवी रेघ मारली. “मग घट झाली असंही म्हणता येत नाही. आजपासून तीन वर्षं नव्याने मोजणी होईल. तोवर बोटी नाहीत.” धाकटीने श्वास सोडला. “पण मोजणीदार आमचे असतील,” ते म्हणाले. “तुम्ही दोघं नाही. तुमच्या आकड्यावर मी आता विश्वास ठेवू शकत नाही, बाई.” तिने मान हलवली. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं.

साहेबांची गाडी वळणापलीकडे गेली तसा दादा हात झटकत उठला. “चला, बोटी तर टळल्या! तुझं ते ओरडणं जरा जास्तच झालं, पण जाऊ दे.”

अकरा वर्षं जे काम तिने जीव ओतून केलं ते गेलं होतं, आणि ह्याला साधं वाईटही वाटत नव्हतं. तेवढ्यात पलीकडून बदकांचा एक मोठा थवा आला आणि भर उन्हात पाण्यावर उतरला. दादाने डोळ्यांवर हात धरला आणि सवयीने विचारलं, “धाकटे, किती असतील गं?”

ती वळून त्याच्याकडे बघत म्हणाली, “तुला किती हवीत?”