कांताआजीचे पुढचे दोन दात

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोत पहिलीच्या वर्गातली सगळी पोरं बत्तीशी दाखवत होती. एक आकांक्षाच तेवढी, डोक्याला मोरपिसांचा मुकुट बांधून, तोंडावर तळहात धरून उभी होती.

"शिंक आली होती का गं तुला?" वैशालीने विचारलं.

"नाही. हसत होते मी."

"मग हात कशाला?"

आईला एवढं साधं कळत नाही म्हणून आकांक्षाला तिची कीवच आली. "मोठ्या बायका असंच हसतात. आजी नाही का हसत?"

आजी, म्हणजे वैशालीच्या सासूबाई कांता, मोरीपाशी तांदूळ धूत होत्या. त्यांनी ऐकलं, त्यांना हसू आलं आणि ओला हात तसाच पदर घेऊन तोंडाकडे गेला. वैशालीने तो जाताना पाहिला आणि मग फोटोतला आकांक्षाचा हात पाहिला.

घोडपदेवच्या त्या चाळीत कांता गमऱ्यांचं हसणं एके काळी प्रसिद्ध होतं. तळमजल्यावर कुणी विनोद केला आणि वरच्या मजल्यावर ऐकू आला नाही, तरी कांताबाईंच्या हसण्यावरून तो चांगला होता एवढं कळायचं. मग वरचे, अगदी पुढचे दोन दात आधी हलले आणि मग गेले. तेव्हापासून पदर आला. टीव्हीसमोर एकट्या बसल्या असल्या तरी पदर. आकांक्षाने आपल्या आजीला उघड्या तोंडाने हसताना जन्मात पाहिलं नव्हतं. पोरीला वाटणारच, हसायची रीतच ती.

त्या दिवशी वैशालीने मनाशी ठरवलं, सासूबाईंच्या तोंडावरचा पदर काढायचा. आजीचा निघाला तर नातीचा हात आपोआप खाली येईल.

आणि योग बघा, त्याच आठवड्यात लोअर परळच्या तिच्या कुरिअर कंपनीत मेल आली की आरोग्यविम्यात यंदा दातांचाही खर्च घेता येईल, घरच्यांची नावं शुक्रवारपर्यंत कळवा. वैशालीने खुर्चीतून उडी मारायचीच काय ती बाकी ठेवली. नवऱ्याला, राजरत्नला, फोन लावला. तो लालबागच्या टॉवरांमध्ये लिफ्टची देखभाल करायचा.

"राज, आईंचे दात बसणार!"

"वैशाली, मी आत्ता लिफ्टच्या टपावर उभा आहे."

"मग खाली ये आणि आनंद मान!"

पण वैशाली काही नुसती हुरळून जाणारी बाई नव्हती. साडी घेतानासुद्धा ती पदर उलटा करून आतून बघायची. शनिवारी आकांक्षा चित्रकलेच्या क्लासला बसली, तशी हिने बाहेरच्या पायरीवर बसून विम्याच्या अटी वाचल्या. वाचून डोकं भणभणलं, तेव्हा सरळ हेल्पलाइनला फोन केला.

"दादा, आधीच पडलेले दात बसवले तर खर्च मिळतो का?"

"नाही मॅडम. पॉलिसी घेण्याआधी पडलेले दात कव्हर होत नाहीत."

"बरं. यापुढे पडले तर?"

"कवळी वगैरे असेल तर पहिलं वर्ष थांबायचं."

"आणि दाखवायचं कुठे?"

"तुमच्या जवळचं सेंटर... एक मिनिट... ठाणे."

"दादा, तोपर्यंत माझेही पडतील," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आनंदाला टाचणी लागली खरी, पण वाया काही गेलं नाही. काय विचारायचं असतं, ते तिला कळलं. आधीचं दुखणं धरता का, थांबायचं किती आणि जायचं कुठे. सरकारी डेंटल कॉलेजात सगळ्यात स्वस्तात होतं, कामही चांगलं होतं, पण खेपा फार. तेवढ्या रजा ती आणणार कुठून? तो रस्ता तिने हाताशी ठेवला आणि रविवारी भायखळ्याला भाजी आणायला गेली तेव्हा मंडईच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टर दीपिकांच्या दवाखान्यात डोकावली. दारावरच पाटी होती, फॅमिली कार्ड. एका घरातल्या सहा माणसांपर्यंत वर्षभर तपासणी, दोनदा दात साफ करणं, पोरांच्या दुधाच्या दातांवर लक्ष आणि मोठं काम निघालं तर त्यात सवलत. नवे दात बसवायचे तर? पहिल्या दिवसापासून. आधी पडलेले? "त्यांच्यासाठीच तर लोक येतात," डॉक्टर म्हणाल्या. "मात्र मशेरी लावत असतील तर ती सोडावी लागेल. हिरड्या धड नसतील तर दात बसवून काय उपयोग?"

मनातल्या रंगाची साडी पहिल्याच दुकानात मिळावी, तशी वैशाली मेथीची जुडी हलवत घरी आली. दात गेल्यावर पैसे देणाऱ्या योजनेपेक्षा जाऊ नयेत म्हणून बघणारी योजना बरी, असं तिने राजरत्नला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो घोरत होता.

सोमवारी तिला ऑफिस. म्हणून आधारकार्डं पिशवीत घालून सासूबाईच दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी वैशाली घरी आली, तर कांताबाई गॅलरीत पाय पसरून बसलेल्या. तोंड फुगलेलं.

"कार्डबिर्ड काही नको. मी आहे तशी बरी."

"अहो आई, झालं काय?"

"काउंटरवरच्या पोरीने विचारलं, घरात माणसं किती. मी म्हटलं, सहा."

"सहा? आई, आपण चौघं."

"चौघं कशी? अंबिका कुठे गेली? आणि धोंडूभाऊजी?"

वैशालीने कपाळाला हात लावला. अंबिका आणि धोंडू घाडी समोरच्या खोलीत राहायचे. मालवणकडचे, मूलबाळ नाही. त्यांच्या घराची किल्ली गमऱ्यांच्या खिळ्याला असायची, आकांक्षाची दुपारची झोप अंबिकामावशीच्या मांडीवर आणि धोंडूआजोबांच्या बीपीच्या गोळ्या राजरत्नच्या ध्यानात. कांताबाई खोटं बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलं, घरात माणसं किती, की त्यांच्या मनात भाताचं भांडं यायचं आणि भांड्यात सहा माणसांचा भात असायचा.

"ती पोरगी म्हणते, आडनावं वेगळी आहेत, यांचं नाव बसणार नाही. मी म्हटलं, आडनाव बघून दात किडतात का गं?"

समोरच्या दारातून अंबिकामावशी फिसकन हसली. "ह्या मात्र बरा बोललंस गो कांता!"

वैशालीलाही हसू फुटलं. पण हसता हसता तिची नजर गॅलरीच्या टोकाला गेली. तिथे विटेवर एक काळाकुट्ट तवा उपडा घातलेला होता. मशेरीचा तवा. दर शनिवारी या दोघी त्यावर तंबाखू भाजायच्या, सगळा मजला खोकायचा, मग ती चुरून एकाच डबीत भरायच्या. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी कठड्याशी बसून दोघी एका डबीतून बोट बुडवायच्या आणि जगाची उणीदुणी काढायच्या. आणि या दोघींतल्या एकीने ती सोडायची? उपास धरायचा आणि शेजारी मटण शिजायचं, तशातली गत. सासूबाई रागावल्या होत्या हे खरं, पण मशेरी सोडायचं टळलं म्हणून त्या रागाआड सुटल्यासारखंही वाटत होतं त्यांना. वैशालीने ते बरोब्बर ओळखलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून ती थेट दवाखान्यात गेली.

"मॅडम, कार्डावर एका घरातली सहा माणसं म्हटलंय. घर म्हणजे काय, ते सांगा."

"म्हणजे... एका चुलीवरची?" डॉक्टर दीपिका स्वतः लालबागच्या चाळीत वाढलेल्या. त्यांना प्रश्नातली खोच कळली असावी, कारण त्या पेन ठेवून ऐकायला लागल्या. वैशालीने तव्याची गोष्ट सांगितली, डबीची सांगितली.

"मशेरीचा तवा एक?"

"एकच. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून."

डॉक्टर हसल्या. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "घे लिहून. तवा एक, घर एक. पण वैशाली, दोघींनी एकदम सोडायची. एकटीने सोडलेली टिकत नाही, माझ्या आजीवरून सांगते."

तपासणीचा दिवस उजाडला. वैशालीने अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली, आकांक्षाला नवा फ्रॉक, दोघी म्हाताऱ्या इस्त्रीच्या साड्यांत. लग्नाला निघाल्यासारखी वरात चालत भायखळ्याला गेली. कांताबाई खुर्चीत आडव्या झाल्या, त्यांनी आ केला आणि डॉक्टर एकदम मागे सरल्या.

"मावशी! मशेरी लावून आलात?"

"मग? डॉक्टरकडे काय घाण तोंडाने यायचं? आज तर दोनदा लावली."

"मी तीनदा," दारातून अंबिकामावशीने अभिमानाने सांगितलं.

वैशालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरांनी कांताबाईंना उठवून अंबिकामावशीला खुर्चीत बसवलं. त्यांनी छोटा कॅमेरा अंबिकामावशीच्या तोंडात घातला आणि समोरच्या पडद्यावर चित्र आलं. काळपट, सुजलेल्या हिरड्या, कडेला रक्त.

"शी! ह्या कोणाचा तोंड?" मावशीने विचारलं.

"तुमचंच."

मावशीने पडद्यावरून तोंड फिरवलं. मग मावशी हळूच म्हणाली, "बंद कर गो बाय ता."

आकांक्षाला मात्र शाबासकी मिळाली. एकही कीड नाही, फक्त पुढचा एक दात हलतोय, पडेल आपोआप. ती मऊ ब्रश झेंड्यासारखा धरून घरी आली.

मग चाळीत एक धमाल पर्व सुरू झालं. तवा घासूनपुसून खिळ्याला टांगला आणि त्याची मालकीण झाली आकांक्षा. कुणाचंही बोट जुन्या डबीकडे वळलं की ती लाटण्याने तवा बडवायची. ठण्ण! अंबिकामावशी एकदा पहाटे चोरपावलांनी कठड्याशी गेली, तर पोरगी उशीखालून लाटणं काढून हजर. ठण्ण! धोंडूआजोबा आतून ओरडले, "शाळा सुटली काय गो?" पहिले काही दिवस दोघींचं डोकं दुखलं, दोघी एकमेकींवर खेकसल्या, बडीशेपेचा डबा रिकामा झाला. कांताबाई म्हणाल्या, "तुझ्यामुळे मी हे करतेय." अंबिकामावशी म्हणाली, "आणि मी काय हौस म्हणून करतंय?" पण एकीने सोडलं की दुसरीला धरता येत नव्हतं, आणि हळूहळू डबीवर धूळ बसली. हिरड्या गुलाबी व्हायला लागल्या. त्या बघायला अंबिकामावशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायची.

उन्हाळ्यात कांताबाईंचे दात आले. तारेची आकडी असलेले, काढता-घालता येणारे, पुढचे दोन. सगळी गॅलरी जमली. राजरत्नने आरसा धरला. कांताबाईंनी स्वतःला न्याहाळलं, ओठ जरा विलग केले. जुनी कांता आरशात दिसली बहुतेक, कारण त्यांचे डोळे भरले. धोंडूआजोबा म्हणाले, "वहिनी, आता ऊस सोलून देऊ काय?" सगळे हसले. कांताबाईही हसल्या.

आणि पदर वर गेला.

"आई, पदर!" वैशाली ओरडली. कांताबाईंनी ओशाळून तो खाली घेतला. पुढच्या विनोदाला परत वर. दोन दिवस, चार दिवस, तेच. दात कार्डावर मिळाले होते, हाताची सवय कुठल्या कार्डावर सुटणार? वैशालीला सासूबाईंपेक्षा पोरीची काळजी लागली. कारण आकांक्षा आजीकडे बघत होती आणि हसताना तिचाही हात वर जात होता.

बुद्धपौर्णिमेला चाळीच्या पटांगणात खीर होती. कांताबाई पांढऱ्याशुभ्र साडीत, अंबिकामावशीही हट्टाने पांढऱ्या साडीत. त्याच सकाळी आकांक्षाचा दात पडला आणि धोंडूआजोबांनी तो समारंभाने पत्र्यावर फेकला. सगळे फोटोला उभे राहिले. राजरत्नने फोन एका पोराच्या हाती दिला.

"चला, हसा!"

आकांक्षाने तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबले.

"अक्कू, हात काढ राणी," वैशाली खाली वाकली.

"नाही! माझं घाणेरडं दिसतं. भोक आहे." आणि पोरीच्या डोळ्यांतून टपटप पाणी.

वैशालीने तिला जवळ घेतलं. लहान मुलांचे पडतातच, नवे येतील, सगळं सांगून झालं. पोरगी हात काढेना.

तेव्हा कांताबाई पुढे झाल्या. त्यांनी नातीकडे पाहिलं, तोंडात अंगठा घातला, आकडी सोडवली आणि एवढ्या हौसेने आणलेले दोन दात शेजारी उभ्या अंबिकाच्या हातावर ठेवले.

"धर गं."

"अगो बाय माझे!" अंबिकामावशी किंचाळली.

कांताबाईंनी कमरेवर दोन्ही हात ठेवले, नातीसमोर वाकल्या आणि तोंड उघडून, हिरड्यांसकट, मधल्या त्या मोठ्या भगदाडासकट खदाखदा हसल्या.

आकांक्षा बघतच राहिली. आजीचं भोक तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"आजी! तुझे दोन गेलेत! माझा एकच!"

"मग? मी जिंकले की नाही?"

पोरीचे हात कधी खाली आले तिला कळलंही नाही. ती हसली, भोक दाखवून, नाकातून वारा सोडत. ते बघून आजीला आणखी हसू आलं, आणि कांता गमऱ्यांचं ते जुनं हसणं पटांगणातून थेट वरच्या मजल्यापर्यंत गेलं. वर कुणीतरी कठड्याशी येऊन विचारलं, काय झालं?

"काढ रे फोटो, काढ!" वैशाली ओरडत होती, डोळे पुसत होती.

"थांब, थांब! मला दात बसवू दे!" कांताबाई म्हणाल्या. पण पोराने बटण दाबलं होतं.

तो फोटो आज घरात, तव्याच्या खिळ्याशेजारी आहे. मधोमध आजी आणि नात, दोघींची तोंडं उघडी, दोघींचे हात भलतीकडेच. आणि कडेला अंबिकामावशी, तळहात पुढे करून, प्रसाद वाटावा तसे दोन दात धरून उभी.