लाल पट्टीच्या वर

त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की मला मळमळतं. घामात भिजून वाळलेल्या पिशव्यांचा कुबट वास असा नाकात बसतो की घरी जाऊन आंघोळ केली तरी निघत नाही. वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या, मुलींच्या घोट्यांना आणि मनगटांना बांधायच्या. आज हिच्या, उद्या तिच्या, आणि धुवायच्या कुणीच नाहीत. व्हॉलीबॉलच्या सरांचा एकच मंत्र: ओझं वाहा, ताकद येईल, ताकद आली की उडी आपोआप येईल. म्हणून त्यांना सगळे पोलाद सर म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतःच पसरवलं असावं, असा मला दाट संशय आहे.

माझी भाची त्यांच्याकडे जाते. उंच आणि किडकिडीत, म्हणून घरात ती टाचणी. टीममध्ये यायचं तर बोटांना खडू फासून धावत यायचं आणि उडी मारून भिंतीवरच्या लाल पट्टीला हात लावायचा. टाचणीची बोटं नेहमी पट्टीच्या खालीच उमटायची. तिच्या वयोगटातलं हे शेवटचंच वर्ष होतं; यंदा नाही जमलं तर संपलंच. सरांनी उपाय काय केला? पिशव्या जड केल्या. पोरीचे गुडघे सुजून टम्म झाले.

"सोसल्याशिवाय मिळतं का काही?" दादा, म्हणजे तिचे वडील, मला म्हणाला. "सरांना कळत नसेल का?"

"सरांना कळत असतं तर मी कशाला बोलले असते?"

मी स्वतः हा खेळ खेळलेय, आता लहान मुलांच्या शाळेत खेळ शिकवते. एका दुपारी टाचणीला आमच्या शाळेच्या पटांगणात बोलावलं आणि पिशव्या न बांधता उडी मारायला लावली. एका उडीतच मला दुखणं दिसलं. पाय जमीन सोडायचे आणि मग, आळसावलेल्या पाहुण्यासारखे, हात वर यायचे. मनगटावर ओझं घेऊन घेऊन हातांना उशिराच उठायची सवय लागली होती. ओझं काढलं तरी सवय तशीच. ज्याने उडी वाढायची त्यानेच ती खाल्ली होती, आणि याला हे शहाणे सराव म्हणत होते!

"अगं, पाय जमिनीला रेटतायत तेव्हाच हात वर फेकायचे," मी म्हटलं. "पाय सुटल्यावर हात हलवून काय उपयोग? गाडी गेल्यावर टाटा करतेयस तू."

ती खुदकन हसली. मग मी टाळ्या वाजवत राहिले आणि ती उडत राहिली. टप, टप, हात! सुरुवातीला सगळाच गोंधळ. हात वेळेवर आले की पाय अडखळायचे, पाय जमले की हात विसरायचे. रोज थोडं थोडं, गुडघे दुखले की थांबून. मग एका संध्याकाळी सगळं एकदम जुळलं, आणि उतरल्यावर ती स्वतःच चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली.

चाचणीच्या दिवशी, माझ्या आणि दादाच्या डोळ्यांदेखत, तिची बोटं पट्टीच्या चांगलीच वर उमटली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि पोलाद सर छाती फुगवून म्हणाले, "बघितलंत? वाळूची करामत!"

किळस आली मला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

टाचणी भाबडी. ती म्हणाली, "सर, मी पिशव्या केव्हाच सोडल्यात, तुमचं लक्षच गेलं नाही. आत्याने हात कधी फेकायचे ते शिकवलं."

सरांचा चेहरा पडला. "म्हणजे ही उडी फसवी. ताकदीची नाही. पिशव्या बांधून परत मार, तरच टीममध्ये घेईन."

मला वाटलं, आता तरी दादा तोंड उघडेल. त्याने कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि लेकीच्या मनगटाला बांधायला लागला! माझा सख्खा भाऊ. तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"आत्या," टाचणीने विचारलं, "याने हात परत उशिरा येतील ना?"

"येतील."

तिने गाठ सोडली आणि पिशवी सरांच्या हातात दिली. "मग नको, सर."

"मग टीमही नको!"

"बरं," ती म्हणाली. तिने डोळे पुसले, पुन्हा खडू लावला, मागे गेली आणि धावत येऊन उडाली. बोटं पहिल्या खुणेच्याही वर टेकली. कुणीच टाळी वाजवली नाही. ती मान ताठ ठेवून बाहेर निघून गेली.

सर फडकं घेऊन खूण पुसायला धावले. टाच उंचावली, हात पुरेना. उडी मारली, तरी पुरेना. मुली तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

शेवटी ते स्टुलावर चढले. स्टूल डगमगू नये म्हणून ते दोन्ही हातांनी घट्ट धरून दादा खाली उभा होता.