आईची बैठक

आमच्या घरात बायकांनी दुखतं म्हणावं असे अवयव मोजकेच. डोकं, दात, गुडघे आणि कंबर. बाकी कुठे काही झालं की त्यालाही कंबर म्हणायचं आणि तेल लावून झोपायचं. आई कितीतरी दिवस म्हणत होती, "कंबर दुखते गं." अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंबरेचा पट्टा आणला, मी तेलाची बाटली आणली, मग एक्स-रे झाला. त्यात काही निघालं नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर आमच्या लेखी दुखणंही संपलं. माझा धाकटा भाऊ शंभूराज तर म्हणायचा, "काम सांगितलं की आईला कंबर आठवते." हे साफ खोटं होतं. काम करताना आई उभी असायची, आणि उभी असताना तिने कधी हूं की चूं केलं नाही. पण तेवढं बघायला घरात वेळ कुणाला होता?

सगळं तेलाच्या बाटलीवरच भागलं असतं. मध्ये माझ्या लग्नाची बैठक आली.

अजिंक्य बेळ्ळंदूरला माझ्याच ऑफिसात आहे, गाव निपाणी. आम्ही राजाजीनगरचे. इतक्या पिढ्या बंगळूरात काढल्या की आमच्या मराठीत कन्नड पुरतं मुरलंय. थोडंला स्वल्प म्हणतो आणि आपण शुद्ध मराठी बोललो असं समजतो. अजिंक्यच्या आईला, शालनकाकूंना, ही सून नक्की मराठी का, असा प्रश्न पडला होता. तरी लेकाकडे बघून त्या तयार झाल्या आणि आमच्या घरी बैठक ठरली. दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसायचं, बोलायचं आणि जमलं तर सुपारी फोडायची. सुपारी फुटली की लग्न ठरलं.

मानाची जागा म्हणून आईला नव्या सोफ्यावर शालनकाकूंच्या शेजारी बसवलं. सोफा असा मऊ की माणूस निम्मा आत जातो. आई बसली, पण कशी, तर एका अंगावर भार टाकून, अगदी कडेला, सोफ्याच्या हाताला धरून. पाहुण्यांच्या घरी नावडता चहा प्यायला बसावं तशी. मुहूर्ताचं झालं, हॉलचं झालं. अजिंक्यच्या मानसिंगकाकांनी तबकातली सुपारी उचलून अडकित्त्यात धरली आणि नेमकी तेव्हाच आई उठली. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा वाकडा. कुणाकडे न बघता ती आत गेली ती गेलीच.

मी मागोमाग गेले. ती ओट्याला धरून उभी होती.

"बाहेर चल, सगळे थांबलेत."

"तुम्ही चालवा. मी इथनं ऐकते."

बाहेर मानसिंगकाकांनी अडकित्ता मिटून ठेवला होता. "विहीणबाईंना विचारून सावकाश कळवा," असं म्हणून मंडळी उठली. अख्खी सुपारी तबकात तशीच राहिली.

पुढचं अजिंक्यने ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगितलं. "आई म्हणते, मुलीची आई बैठकीतून उठून जाते तेव्हा तो नकारच असतो. तोंडाने कुणी म्हणत नाही एवढंच. मन मारून दिलेली मुलगी नको म्हणते ती. तू एकदा तुझ्या आईशी क्लिअर बोल ना."

मी घाबरले होते. अजिंक्य आईच्या शब्दाबाहेर जाणारा नाही, हे मला ठाऊक होतं. आणि मी घाबरले की आधी चिडते. घरी आले तशी चपला न काढता स्वयंपाकघरात गेले.

"तुला अजिंक्य पसंत नाही का?"

"पसंत आहे की," आई पोळी लाटत म्हणाली.

"मग उठलीस का?"

"कंबर गं."

"रिपोर्ट नॉर्मल आहे, आई."

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "सरी," म्हणाली आणि पुढची पोळी घेतली. सरी म्हणजे ठीक आहे. आईच्या तोंडी त्याचा अर्थ, यापुढे मी बोलणार नाही. तिला माझं लग्न नकोच आहे, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पक्कं बसलं.

त्या रविवारी आम्ही दोघी इंदिरानगरला अंबूबाई मावशीकडे निघालो, न बोलता. मेट्रोचा डबा जवळजवळ रिकामा होता. मी बसले. आई दांड्याला धरून उभी राहिली. तिला उभी बघून दाराजवळच्या एका मुलीने उठून आपली जागा देऊ केली, तर "बेड बेड, नी कूतको," म्हणजे नको, तूच बस, म्हणत तिने तिला परत बसवलं. मॅजेस्टिकला गाडी बदलली, तिथेही आई उभीच.

मी तिच्याकडे बघत राहिले आणि हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. या डब्यात कुठले व्याही बसले होते? इथे ती कुणाला नकार देत होती?

मी उठून तिच्याजवळ गेले. "बसलं की दुखतं का?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बसलं की टोचतं. उठताना तर जीव जातो."

"कुठे पण?"

"कंबरेत."

"कंबरेत म्हणजे नेमकं कुठे?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्याच भागातल्या हाडांच्या डॉक्टर धनलक्ष्मींकडे नेलं. अण्णाही आले. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, कुठे दुखतं? आईने नेहमीप्रमाणे पंजा कंबरेवर ठेवला.

"पंजा नको," डॉक्टर म्हणाल्या. "एक बोट ठेवून दाखवा."

आईने अण्णांकडे पाहिलं. अण्णा भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र मन लावून वाचत होते. डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्यांनी अण्णांना स्वल्प बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं तेव्हा आईचं बोट कंबरेवरून खाली सरकलं, आणखी खाली, पाठीचा कणा जिथे संपतो तिथे जाऊन थांबलं.

"पडला होतात?"

आईने आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं. "माळ्यावरनं समई काढताना स्टुलावरनं घसरले. सरळ बुडावर."

"घरात सांगितलं नाहीत?"

"धाकटा हसला असता. सगळेच हसले असते."

"समई कशाला काढायची होती?" मी मध्येच विचारलं.

"तू अजिंक्यचं सांगितलंस ना, त्याच आठवड्यात," आई म्हणाली. "घासून ठेवावी म्हटलं. वेळेला काळी दिसायला नको."

मला एकदम रडू आलं. जिला मी लग्न मोडणारी समजत होते, ती माझ्या लग्नाची समई काढताना पडली होती. डॉक्टर समोर होत्या म्हणून मी पर्समध्ये रुमाल शोधायचं नाटक केलं.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि पुन्हा एक्स-रे काढायला लावले. बाजूने, एक उभं राहून आणि एक बसून. उभ्या फोटोत सगळं जागच्या जागी होतं. बसलेल्या फोटोत शेवटचं लहानसं हाड नको तितकं मागे सरकलेलं. आधीचा फोटो कंबरेचा होता, तोही झोपवून काढलेला. "बसल्यावर दुखतं तर बसवूनच बघायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. पडल्याने तिथले सांधे दुखावले होते. काही बायकांना बाळंतपणानंतर असं होतं, काहींना तासन् तास बसून, आणि कधी कधी कारण सापडतच नाही. बरं व्हायला आठवडे लागतील, महिनेही लागतील. मऊ सोफा बंद. मागे रेलायचं नाही, पुढे झुकून बसायचं आणि उठतानाही आधी पुढे झुकून मग उठायचं. मागच्या बाजूला खाच असलेली उशी घ्यायची, म्हणजे त्या हाडावर भार येत नाही. पोट साफ ठेवायचं, शेक घ्यायचा, फिजिओथेरपिस्टकडून तिथले स्नायू सैल करायचे व्यायाम शिकायचे. फरक पडला नाही तर इंजेक्शन. ऑपरेशनची वेळ क्वचितच येते.

"मराठीत काय म्हणतात या हाडाला?" आईने मला विचारलं.

"माकडहाड."

"माकड?" ती हसली, आणि मला वाटतं हसतानाच तिला पुढचं सुचलं. "हे निपाणीला सांगायचं नाही हं."

"मग काय सांगू?"

"कंबर सांग."

"कंबरेवर त्यांचा विश्वास नाही, आई. माझाही नव्हता."

"मुलीच्या सासरी मी माझ्या बुडाच्या गोष्टी सांगू का?" असं म्हणून तिने विषय मिटवला. घरी आल्यावर अण्णांनाही तिने "हाडाला सूज आहे" एवढंच सांगितलं.

अण्णांनी निपाणीला फोन करून, एकदा याच, अशी गळ घातली. मंडळी आली, पण न बोलता. शालनकाकू सोफ्यावर बसल्या तरी पर्स मांडीवरच होती. तबक मध्ये ठेवलं होतं. आत मी चहा गाळत होते. आईने आज काही सांगितलं नाही तर अजिंक्य माझ्या हातून गेला, इतकं सरळ होतं ते.

आई कपाटाकडे गेली. तिने ती खाच असलेली उशी काढली, पदराआड न लपवता बाहेर नेली, सगळ्यांसमोर लाकडी खुर्चीवर ठेवली आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"त्या दिवशी मी उठले," ती म्हणाली, "ते माझी कंबर..." आणि थांबली. मी दारातून तिच्याकडे बघत होते. "कंबर नाही. माकडहाड. स्टुलावरनं बुडावर आपटले होते. बसलं की टोचतं आणि उठताना जीव जातो. पोरीच्या लग्नाला माझी ना नव्हती. आताही नाही."

शंभू फस्सकन हसला. मानसिंगकाका पंख्याकडे बघायला लागले. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं, तेही हे पहिल्यांदाच ऐकत होते. आईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण ती हलली नाही.

"अवो, मग त्याच दिवशी सांगायचं की," शालनकाकू म्हणाल्या.

"कंबर दुखते म्हणून सांगितलं असतं. पटलं असतं तुम्हाला?"

शालनकाकूंनी जरा विचार केला. "नसतं पटलं," त्या म्हणाल्या. "निमित्त वाटलं असतं." आणि त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

आई उशीवर बसली, पुढे झुकून. मुहूर्ताचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. हॉल कुठला, निपाणीची माणसं किती, जेवणात पुरणपोळी की होळिगे. दोन्ही एकच, हे समजवण्यात बराच वेळ गेला. मानसिंगकाकांनी सुपारी अडकित्त्यात धरली.

आणि आई पुन्हा उठली. डॉक्टरांनी शिकवलं तशी, आधी पुढे झुकून. "आलेच," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मानसिंगकाकांचा हात थांबला. त्यांनी शालनकाकूंकडे पाहिलं. काकू अण्णांशी आचाऱ्याबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी हात लांब करून आईच्या खुर्चीवरची सरकलेली उशी नीट केली, खाच मागे येईल अशी.

"असंच ना गं?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

"मग फोडा की, भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांना आत ऐकू येतंय."

सुपारी फुटली तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.